ऑगस्टात मतदान ठेवा

गर्भपातावर बंदी आणायचीय, पण लोक बाजूने नाहीत? एवढ्यात हातपाय गाळू नका. अमेरिकेतल्या थोरामोठ्यांनी वाट घालून दिलीय.

आधी मुहूर्त पाहा. २४ जून २०२२ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा देशव्यापी हक्क मोडीत काढला आणि चेंडू राज्यांकडे टोलवला. कॅन्सस राज्याने गर्भपातावरच्या मतदानाला २ ऑगस्टची तारीख आधीच धरून ठेवली होती. ऑगस्टात पक्षांचे उमेदवार ठरवायची निवडणूक, म्हणजे ज्याला पक्ष नाही तो बहुधा घरीच. (आपला सोसायटीचा सेक्रेटरी नाही का, वादाचा ठराव नेमका गणपतीत ठेवतो!) प्रश्न असा लिहावा की वाचणाऱ्याने दोनदा चष्मा पुसावा: ‘हो’ म्हटलं तर राज्यघटनेतला हक्क जाणार, ‘नाही’ म्हटलं तर राहणार. नाव मात्र गोंडस हवं. त्यांनी ठेवलं होतं, ‘दोघांचंही मोल जाणा’. शिवाय आदल्या दिवशी कित्येकांच्या मोबाइलवर निरोप आला की बायकांचा निवडीचा हक्क राखायचा तर ‘हो’ म्हणा. धडधडीत उलटा.

एवढं करूनही माणसं भर उन्हाळ्यात रांगा लावून ५९ टक्क्यांनी ‘नाही’ म्हणून आली. तीही कॅन्ससची, जिथे १९६४ नंतर अध्यक्षपदाला डेमोक्रॅट, म्हणजे गर्भपाताच्या हक्काच्या बाजूच्या पक्षाचा माणूस, कधी जिंकलेला नाही. लोकांचं काही सांगता येत नाही बघा.

म्हणून तारखेच्या जोडीला गणितही लागतं. ओहायोच्या आमदारांनी २०२२ च्या अखेरीस ऑगस्टातल्या बहुतेक निवडणुका बंदच केल्या. खर्च फार, मतदार फिरकत नाहीत, असं कारण दिलं. मग २०२३ च्या नोव्हेंबरात गर्भपाताच्या हक्काची दुरुस्ती येणारसं दिसलं आणि त्याच विधिमंडळाने ८ ऑगस्टला खास मतदान लावलं. मतदार फिरकत नाहीत, हा आता गुण झाला होता. विषय काय, तर यापुढे घटनादुरुस्तीला ६० टक्के मतं हवीत. आणि हा ठराव मंजूर व्हायला? निम्म्याहून एक मत जास्त, बास. स्वतः आत शिरायचं आणि मागून कडी घालायची! लोकांनी तोही ५७ टक्क्यांनी उडवला. नोव्हेंबरात हक्काच्या बाजूनेही जवळपास ५७ च पडले. आता कळलं ना, कडी ६० वर का हवी होती?

खरी शिकवणी लावायची तर फ्लोरिडात लावा. तिथे सहा आठवड्यांनंतर गर्भपाताला बंदी आहे. तोवर कितीतरी जणींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. २०२४ च्या नोव्हेंबरात ५७ टक्के लोकांनी त्याविरुद्ध मत दिलं आणि ते हरले. ४३ टक्के जिंकले. कारण तिथे ६० ची अट आधीपासूनच आहे. साठी बुद्धी नाठी म्हणतात, पण इथे साठीनेच तारलं. बरं, अट लादलेली नाही हं, २००६ साली लोकांनीच मंजूर केलेली आहे. किती टक्क्यांनी ते विचारू नका. विचारलंतच तर सांगतो, ५८ ला थोडी कमी.