एक्स-मेनची ‘भरती’ आजची नव्हे

‘विविधतेच्या नादात जुने नायक हटवायचं खूळ गेल्या दहा वर्षांतलं,’ असं एक्स-मेन या अमेरिकी सुपरहिरो कॉमिक्सचं नाव घेऊन सर्रास सांगितलं जातंय. ते चूक आहे. १९६३ची पाचही गोऱ्या पोरांची मूळ टीम विकली जाईना, म्हणून १९७०मध्ये ६६व्या अंकानंतर नव्या गोष्टीच थांबल्या. पुढे नुसती पुनर्मुद्रणं. १९७५च्या विशेषांकात केनियातली स्टॉर्म, जर्मन नाइटक्रॉलर, सोव्हिएत कोलोसस, अमेरिकेतल्या मूळनिवासी अपाची जमातीचा थंडरबर्ड आले. मुखपृष्ठावर तर नवी मंडळी जुन्यांचं चित्र फाडूनच बाहेर पडतात! जुन्यांपैकी सायक्लॉप्स मात्र राहिला. आणि कॅनडाचा वुल्व्हरिन? तोही याच भरतीतला. त्याला ‘लादलेला’ म्हणणारा चाहता अजून भेटायचाय.