माहीत असतं सगळं, पण सांगायचं नाही

"अनेबल टू लोकेट पॅकेज." बस्स, एवढंच. ॲप्ट म्हणजे डेबियन-उबुंटू या लिनक्सांचा पॅकेज मॅनेजर, सॉफ्टवेअरची पॅकेजं आणून बसवणारा प्रोग्राम. नव्या कोऱ्या कंटेनरमध्ये (मशीनच्या आत चालणाऱ्या छोट्या, वेगळ्या लिनक्समध्ये) शिरून 'ॲप्ट इन्स्टॉल कर्ल' टाकलं की हे उत्तर तोंडावर फेकलं जातं. अरे, कर्ल, वेबवरून फाइल उतरवणारी साधी कमांड! कुठल्याही डिस्ट्रोत (लिनक्सच्या अवतारात) असतंच असतं ते, आणि याला म्हणे सापडत नाही. भानगड काय, तर डॉकर इमेज (ज्यावरून कंटेनर बनतो तो साचा) आटोपशीर राहावी म्हणून पॅकेजांची यादी मुद्दाम पुसून टाकलेली असते. यादीच नाही, तर सापडणार कुठून? आधी 'ॲप्ट अपडेट', मग इन्स्टॉल, आणि झालं काम.

मान्य. पण मग तसं सांग ना! यादीचं फोल्डर रिकामं आहे हे तुझ्या डोळ्यांसमोर आहे. "माझ्याकडे यादी नाही, आधी अपडेट चालव" एवढं एक वाक्य लिहायला काय जात होतं? त्याऐवजी थेट "पॅकेज सापडत नाही" म्हणायचं, म्हणजे समोरचा बिचारा नावाचं स्पेलिंग तपासत बसतो. गंमत म्हणजे स्पेलिंग खरंच चुकलं तरी हाच मेसेज. उबुंटूत युनिव्हर्स हा विभाग चालू नसला आणि पॅकेज तिथलं असलं, तरी हाच मेसेज. दुसऱ्या डिस्ट्रोतलं नाव टाकलं तरी हाच. चार वेगळे रोग, चौघांवर वेगळं औषध, आणि हा सगळ्यांना एकच चिठ्ठी देऊन घरी पाठवतो.

यादी रिकामी नसून नुसती जुनी असेल, तर प्रकार आणखी वेगळा. पॅकेज सापडतं, डाउनलोड सुरू होतं आणि ४०४ येतो, कारण यादीतली आवृत्ती सर्व्हरवरून केव्हाच हललेली असते. तिथे मात्र शेवटी दबक्या आवाजात एक सूचना येते: "मेबी रन ॲप्ट-गेट अपडेट". मेबी! तू पॅकेज मॅनेजर आहेस की ज्योतिषी?

डीपीकेजी, म्हणजे ॲप्टच्या पोटात प्रत्यक्ष पॅकेज बसवणारा प्रोग्राम, १९९४ पासून आहे, ॲप्ट १९९८ पासून. म्हणजे पहिलीवहिली शंका विचारणाऱ्यांची मुलंही आता नोकरीला लागली असतील, आणि तीही तोच प्रश्न विचारत असतील: अपडेट आणि अपग्रेडमध्ये फरक काय? विचारणारच. कारण ॲप्टमध्ये अपडेट म्हणजे फक्त यादी ताजी करणं, मशीनवरचं एकही पॅकेज हलत नाही. फेडोराच्या डीएनएफमध्ये अपडेट हे अपग्रेडचंच दुसरं नाव, म्हणजे तोच शब्द टाइप केला की सगळी सिस्टीम बदलायला निघते. मॅकवरच्या होमब्रूमध्ये अपडेट म्हणजे होमब्रू स्वतः आणि त्याच्या फॉर्म्युल्यांची (पॅकेजांच्या कृतींची) यादी ताजी करणं. जावास्क्रिप्टच्या एनपीएममध्ये अपडेट म्हणजे खरोखर पॅकेजं बदलणार. आणि आर्च लिनक्सचे पॅकमॅनवाले तर शब्दांच्या पलीकडे गेलेले संत. त्यांची कमांड: उणे चिन्ह, मोठा एस, लहान वाय, लहान यू. त्यातला यू विसरून नुसती यादी ताजी केली आणि मग एखादंच पॅकेज बसवलं, तर अर्धवट अपग्रेड होतो. आर्चवाले आधीच सांगून मोकळे की अर्धवट अपग्रेडला आमचा पाठिंबा नाही. अरे, पाठिंबा नाही तर ती कमांड मुकाट्याने चालते कशी? एक ओळीचा इशारा द्यायलाही जीभ रेटत नाही?

बरं, अपग्रेड चालवला. आता पुढचं: "द फॉलोइंग पॅकेजेस हॅव बीन केप्ट बॅक." का रोखली? कुणी रोखली? कधीपर्यंत? उत्तर नाही. साधा अपग्रेड बसवलेलं काहीही काढत नाही. त्यामुळे नव्या आवृत्तीसाठी एखादं जुनं पॅकेज काढावं लागणार असेल, तर तो हात आखडता घेतो. मग 'फुल-अपग्रेड' लागतो. हे कारण त्याला ठाऊक असतं, त्यानेच तर गणित मांडलेलं असतं. आणि सांगता येत नाही असंही नाही! उबुंटूत काही अपडेट एकदम सगळ्यांना न देता टप्प्याटप्प्याने सोडतात. त्यामुळे अडलेली पॅकेजं आधी याच 'केप्ट बॅक'च्या ढिगात पडायची आणि लोक हैराण व्हायचे. नंतरच्या आवृत्तीत वेगळी ओळ आली, की ही पॅकेजं फेजिंगमुळे पुढे ढकलली आहेत. झालं की नाही? एक ओळ लिहिली आणि प्रश्न मिटला. म्हणजे जमतं. इच्छा हवी.

आता कुलपाचं प्रकरण. यावर मात्र मी सविस्तर चिडणार आहे.

"कुड नॉट गेट लॉक." म्हणजे पॅकेजांच्या डेटाबेसचं कुलूप दुसऱ्या कुणाकडे आहे. मशीन नुकतं सुरू झालंय, तुम्हाला एक छोटं पॅकेज हवंय, आणि मागे अनअटेंडेड-अपग्रेड्स आपलं काम करत बसलंय. सुरक्षेचे अपडेट लावतंय, चांगलंच आहे. दोन मिनिटं थांबलं की कुलूप सुटतं. पण जुन्या आवृत्त्या हे कसं सांगायच्या? "रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल", आणि मग उलट आपल्यालाच प्रश्न: दुसरी कुठली प्रोसेस वापरतेय का? मला काय विचारतोस? मशीनवर कोण काय करतंय हे कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला) विचार की! नव्या आवृत्त्या प्रोसेसचा नंबर आणि नाव देतात, 'ॲप्ट' कमांड तर वाटही बघते. देवाची कृपा. पण मधल्या काळात जे व्हायचं ते होऊन गेलं, आणि ते म्हणजे जागोजागी चिकटवलेला तो भयंकर सल्ला: लॉक फाइल डिलीट कर.

हा सल्ला देणाऱ्याला समोर बसवून विचारायचंय मला, बाबा रे, ती फाइल म्हणजे कुलूप नव्हे हे तुला कधी कुणी सांगितलंच नाही का? फाइल तिथे कायम असते, कुणी काम करत असो वा नसो. खरं कुलूप कर्नलने त्या फाइलवर धरून ठेवलेलं असतं, आणि प्रोसेस संपली की ते आपोआप सुटतं. फाइल उडवली की काय होतं? पहिली प्रोसेस जुन्या, आता नाव नसलेल्या फाइलवर कुलूप धरून बसते, दुसरी त्याच नावाची नवी फाइल बनवून तिला कुलूप लावते, आणि दोघी एकाच वेळी एकाच डेटाबेसवर हात मारतात. कुलूप मोडलं नाही, दारच दुसरं बसवलं! आणि वर "माझं तर चाललं" म्हणून कॉलर ताठ. चालणारच, बहुतेक वेळा पहिली प्रोसेस एव्हाना संपलेली असते. म्हणजे फाइल उडवायची गरजच नव्हती.

आणि ज्यांचं नाही चाललं, त्यांच्या वाट्याला पुढचं रत्न: "डीपीकेजी वॉज इंटरप्टेड, यू मस्ट मॅन्युअली रन…" आणि पुढे अख्खी कमांड, उणे-उणे कॉन्फिगर, उणे ए. मला हा मेसेज दिसला की रक्त उसळतं. तुला आजार माहीत आहे. औषध माहीत आहे. औषधाचं स्पेलिंगसुद्धा छापून दाखवतोस. आणि म्हणतोस तूच हाताने घे! मान्य, अर्धवट राहिलेल्या पॅकेजांच्या स्क्रिप्ट्स मध्येच प्रश्न विचारू शकतात, म्हणून परस्पर चालवत नसशील. मग "चालवू का? हो की नाही?" एवढं विचार. बाकी प्रत्येक गोष्टीत तर वाय आणि एन विचारतोसच, त्यातलं अक्षर मोठं असेल तर नुसतं एंटर दाबल्यावर तेच धरलं जातं, हेही न सांगता.

दुसरा सार्वकालिक प्रश्न: बसवलं, तरी 'कमांड नॉट फाउंड' का? निम्म्या वेळा पाथ, म्हणजे कमांड ज्या फोल्डरांत शोधली जाते त्यांची यादी. ॲपलच्या नव्या चिपवर होमब्रू '/ऑप्ट/होमब्रू' मध्ये बसतो, इंटेलवर '/यूएसआर/लोकल' मध्ये. त्यामुळे जुने लेख वाचून केलेली मांडणी नव्या मशीनवर गप्पगार पडते. होमब्रूचा इन्स्टॉलर शेवटी 'नेक्स्ट स्टेप्स' म्हणून पाथच्या ओळी देतो, हे खरं. पण तोवर स्क्रीनवरून एवढा मजकूर वाहून गेलेला असतो की त्या ओळी वाचायला थांबतो कोण? त्या बाबतीत पायथनचा पिप बरा. स्क्रिप्ट जिथे टाकली ते फोल्डर पाथवर नसेल तर तो स्पष्ट बजावतो.

उरलेल्या निम्म्या वेळा तर पाथही बरोबर असतो. डेबियनवर 'बॅट' (फाइल रंगीत दाखवणारी कमांड) बसवा, आणि 'बॅट' टाका. नाही मिळणार. तिथे तिचं नाव 'बॅटकॅट', कारण 'बॅट' नाव आधीच दुसऱ्या कुणीतरी घेतलेलं. फाइली शोधणारं 'एफडी' हवं असेल तर पॅकेजचं नाव 'एफडी-फाइंड', कमांडचं नाव 'एफडीफाइंड', आणि बाकी सारं जग तिला 'एफडी' म्हणतं. नावं आपटली हे मी समजू शकतो, पन्नास हजारांहून जास्त पॅकेजं सांभाळताना आपटणारच. पण बसवून झाल्यावर "कमांड या नावाने चालवा" एवढं ठळक छापलं असतं तर काय बिघडलं असतं? माहिती असते, 'रीडमी.डेबियन' नावाच्या फाइलमध्ये, डॉक्युमेंटेशनच्या फोल्डरात, पॅकेजच्या नावाखाली. चौकशी खिडकी तळघरात, आणि तळघराची पाटी आत लावलेली.

होमब्रूच्या 'ब्रू डॉक्टर' या तपासणी कमांडबद्दल बोलायलाच हवं. मशीन दुखतंय म्हणून डॉक्टरला बोलवावं, तर तो आल्या आल्या सांगतो की या सूचना होमब्रू सांभाळणाऱ्यांना डीबगिंगसाठी आहेत, तुमचं सगळं नीट चालत असेल तर काळजी करू नका. आणि मग खाली हातभर वॉर्निंग! ज्याचं चालतंय तो ती वाचून घाबरतो, ज्याचं चालत नाही त्याला यातली कुठली महत्त्वाची तेच कळत नाही.

काढून टाकण्याचं तंत्र तर विचारूच नका. 'रिमूव्ह' केलं तर सेटिंगच्या फाइली मागे राहतात. 'पर्ज' केलं तर सिस्टीममधल्या जातात, पण होम फोल्डरमधल्या तशाच. त्याच्या गरजेपोटी सोबत आलेली पॅकेजं तरीही पडूनच, त्यांना 'ऑटोरिमूव्ह'. होमब्रूतही पूर्वी 'अनइन्स्टॉल' नुसतं तेवढंच काढायचा, बाकीच्यांसाठी वेगळा 'ऑटोरिमूव्ह' लागायचा. आणि ॲप्टच्या त्या ऑटोरिमूव्हची यादी वाचायला धीर लागतो. एखादं मेटापॅकेज हाताने काढलं असेल, तर ज्यांना त्याने ओढून आणलं होतं ती सगळी अनाथ ठरतात आणि अख्खा डेस्कटॉप निरुपयोगी म्हणून यादीत येऊन बसतो.

डेस्कटॉप जाण्यावरून आठवलं. २०२१ मध्ये एका प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेमचं ॲप बसवायला घेतलं आणि ॲप्टने डेस्कटॉपच काढायची तयारी केली. त्याआधी इशारा आला होता, आणि पुढे जायचं तर एक वाक्य जसंच्या तसं टाइप करायचं होतं: "येस, डू ॲज आय से!" त्याने केलं. डेस्कटॉप गेला. यावर लोक त्यालाच हसले, वाचता येत नाही का म्हणून. मला नाही हसू आलं. गेम खेळायला बसलेल्या माणसाने शंभर पॅकेजांच्या नावांच्या भिंतीतून 'हा तुझा डेस्कटॉप आहे' हे ओळखायचं? "यानंतर स्क्रीनवर फक्त काळं टर्मिनल उरेल" असं लिहिलं असतं तर त्याने ते वाक्य टाइप केलं असतं का? नंतर ॲप्टने हा दरवाजा बराच घट्ट केला. म्हणजे चूक कुणाची होती ते त्यांनाही कळलं.

उलट बाजूचंही एक सांगतो. पायथनच्या पीईपी ६६८ या नियमामुळे डेबियन १२ वर सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपने थेट काही बसवता येत नाही. तिथला मेसेज मला आवडतो: का नाही, त्याऐवजी काय, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रकल्पापुरतं वेगळं पायथन) कसं बनवायचं, सगळं लिहिलेलं. तरीही जबरदस्ती करायची असेल तर पर्यायाचं नावच 'ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस'. याहून प्रामाणिक नाव जगात नसेल. आणि आपले सल्लागार काय सांगतात? "तो ब्रेक-सिस्टीमवाला पर्याय लाव, होऊन जाईल." हात जोडले!

आणि शेवटी ते 'मॅन्युअल वाच' म्हणणारे. वाचतो की. पण काय शोधायचं ते माहीत असेल तर मॅन्युअल. सोर्समधून प्रोग्राम बनवताना कंपायलर म्हणतो, ओपनएसएसएल या लायब्ररीची हेडर फाइल नाही. ती कुठल्या पॅकेजात? डेबियनवर 'लिबएसएसएल-डेव्ह', फेडोरावर 'ओपनएसएसएल-डेव्हल'. 'ॲप्ट सर्च' करावं तर तो वर्णनातही शोधतो, आणि 'गिट'साठी पानंच्या पानं ओकतो, त्यात 'डिजिटल'मधला 'गिट'सुद्धा. 'डीपीकेजी उणे मोठा एस' फक्त बसवलेल्या पॅकेजांत शोधतो, म्हणजे जे नाही म्हणून शोधतोय ते तिथे नसणारच. त्यासाठी 'ॲप्ट-फाइल' नावाचं वेगळं पॅकेज बसवायचं, आणि मग पुन्हा अपडेट चालवायचा. फेडोरावाले 'डीएनएफ प्रोव्हाइड्स' टाकून मोकळे होतात.

तसंच केलेलं उलटं फिरवण्याचं. डीएनएफमध्ये 'हिस्टरी अंडू' आहे, व्यवहाराचा नंबर द्या, बाकी तो बघतो. ॲप्टही केलेलं सगळं इमानेइतबारे लिहून ठेवतो, 'हिस्टरी.लॉग' मध्ये, तारीख-वेळेसकट. पण वर्षानुवर्षं ती फाइल आपण उघडायची, आपण वाचायची, आणि एकेक नाव उचलून आपणच उलटं बसवायचं. आणि तुम्हाला हवा असलेला दिवस हमखास गेल्या महिन्यातला असतो, म्हणजे फाइल एव्हाना दाबून जीझेड (कॉम्प्रेस्ड) करून टाकलेली. घ्या, आता ती वाचायला झेडकॅट.