हँडब्रेकची केबल नव्हती, मेस्त्री

'जुना मेस्त्री, निपाणी' या नावाने आलेली प्रतिक्रिया दोन दिवस तशीच ठेवली होती, रागाच्या भरात काही लिहू नये म्हणून. राग अजून गेलेला नाही, तरी उत्तर देतो.

माझ्या जुन्या डिझेल पिकअपचे मागचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवल्यावर चाकं का तापत होती, ते मी लिहिलं होतं: मास्टर सिलिंडरमधला (पेडल दाबलं की ऑइल ढकलतो तो) एक व्हॉल्व्ह मागच्या लाइनमध्ये दाब धरून ठेवत होता. त्यावर मेस्त्रींचं म्हणणं असं: चाकं तापली ती हँडब्रेकची केबल ताणलेली होती म्हणून, मास्टर सिलिंडरमधल्या व्हॉल्व्हच्या पुस्तकी गप्पा आहेत, रिकामी गाडी पावसात मागून घसरेल, आरटीओ अडवेल, आणि शेवटी, "अंदाजाने पार्ट बदलणाऱ्यांनी ब्रेकबद्दल लिहून लोकांच्या जिवाशी खेळू नये."

हे शेवटचं वाक्य समोर बसून चहा पिताना तुम्ही मला म्हणाला असता का? माझे वडील तीस वर्षं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर उभे होते. शाळा सुटली की माझं दप्तर तिथेच पडायचं. पुढे बारा वर्षं मी स्वतः बेळगावची भाजी गोव्याला नेली. रात्री दोनला निघायचं, जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ला घाट उतरून उजाडायच्या आत साखळीत. कणकुंबीचा पाऊस तुम्हाला माहीत असेलच. ड्रममध्ये पाणी गेलं की पुढचे दोन-तीन ब्रेक हातचे गेले, म्हणून तर डिस्क बसवायचं ठरवलं. ज्या जिवांशी मी खेळतो म्हणता, ते त्या केबिनमध्ये दोनच होते. एक माझा, दुसरा माझ्या धाकट्या भावाचा.

आता 'अंदाजाने' या शब्दाबद्दल. डिस्क बसवल्यावर पहिल्याच फेरीत घाट उतरून केरीला आलो तेव्हा मागच्या दोन्ही चाकांवर पाणी टाकलं की चर्र आवाज येत होता आणि पेडल स्पंजासारखं झालं होतं. डॉट ३ ब्रेक ऑइल नवीन असताना साधारण २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषलेलं असेल तर १४० ला. ते उकळून लाइनमध्ये वाफ झाली होती. दगड लावून गाडी तासभर उभी केली, आणि बेळगावला परत आल्यावर एकही पार्ट न बदलता आधी शोधलं.

मागचा ॲक्सल जॅकवर घेतला. पेडल दाबून सोडलं, चाक हाताने फिरेना. तुमची केबल मी त्याच वेळी पूर्ण सैल केली, कॅलिपरवरचा (डिस्कवर पॅड दाबतो तो भाग) हँडब्रेकचा लिव्हर मोकळा हलत होता, तरी चाक जडच. मग कॅलिपरवरचा हवा काढायचा निप्पल अर्धा फेरा उघडला. ऑइलची बारीक चिळकांडी उडाली आणि चाक भिंगरीसारखं फिरलं. केबलने धरलेलं चाक निप्पल उघडून सुटत नाही, मेस्त्री. आत दाब अडकला होता.

तो कुठे अडकला हेही मी बघितलं. पुन्हा पेडल दाबून चाक जड केलं आणि ॲक्सलवरच्या रबरी पाइपाच्या अलीकडे, चेसिसवरचा नट सैल केला. चाक सुटलं, म्हणजे पाइप आतून फुगून बंद झालेला नव्हता. परत तेच करून मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरचे (पेडलचा जोर वाढवणारा डबा) दोन नट सैल केले आणि सिलिंडर थोडा पुढे ओढला. पेडलकडून येणारा पुश रॉड सिलिंडरच्या पिस्टनला रेटून धरत असता तर चाक तिथे सुटलं असतं. नाही सुटलं. पुढची दोन्ही चाकं तर पहिल्यापासून मोकळीच होती. उरलं काय, तर मागच्या लाइनच्या तोंडाशी, पितळी सीटच्या मागे बसलेला रबरी व्हॉल्व्ह.

त्याला तुम्ही पुस्तकी म्हणालात. ड्रमच्या लाइनमध्ये तो साधारण १० पीएसआय (दाबाचं एकक) दाब धरून ठेवतो, म्हणजे व्हील सिलिंडरच्या वायसरची (रबरी सीलची) कड दाबलेली राहते आणि हवा आत येत नाही. ड्रमला ते चालतं, कारण ड्रमला आतून घासणारे शू मागे ओढायला दणकट स्प्रिंगा असतात. कॅलिपरमध्ये स्प्रिंग नसते. पिस्टनच्या चौकोनी सीलला जेवढा पीळ बसतो तेवढाच पिस्टन मागे येतो, केसभर. त्यावर १० पीएसआय कायम बसला की पॅड डिस्कला घासतच राहणार. माझा मास्टर सिलिंडर कॅलिपरपेक्षा बराच उंच आहे, त्यामुळे डिस्कला कधी कधी लावतात तो २ पीएसआयचा व्हॉल्व्हसुद्धा मला लागला नाही. जुना रबर काढला, ऑइल बदललं, हवा काढली. त्यानंतर दोन पावसाळे झाले. केरीला उतरून मी अजून चाकाला हात लावून बघतो, हात टिकतो.

हे सगळं मूळ लेखात होतं. तुम्ही तो वाचला असता तर केबलचा मुद्दा आलाच नसता. एक गोष्ट मात्र मान्य करतो. केबल सैल करून बघायचं मी फार खाली लिहिलं होतं, ते पहिल्यांदा यायला हवं होतं. पुष्कळांची चाकं केबलनेच तापतात, हेही खरं. तेवढा क्रम मी बदलला आहे.

रिकामी गाडी घसरण्याचं म्हणाल तर ॲक्सलवरचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (मागच्या वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब कमीजास्त करतो तो) जागेवर आहे, मी त्याला हात लावलेला नाही. आरटीओचं म्हणाल तर गाडीत बदल करण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मलाही ठाऊक आहे, पण तो त्या लेखाचा विषय नव्हता. या दोन्हींवर इथे वाद घालायची माझी इच्छा नाही.

तुम्ही वयाने मोठे असाल, हातातलं काम माझ्याहून जास्त केलं असेल, त्याबद्दल मान आहे. पण माझं काय चुकलं ते सांगताना माझी लायकी काढायची गरज नव्हती, आणि नाव लपवून तर नव्हतीच. तुमच्याकडे मागे डिस्क बसवलेली, चाक तापणारी गाडी आली तर केबल सोडा, मग निप्पल अर्धा फेरा उघडा, आणि चाक कशाने सुटलं ते इथेच लिहा. केबलने सुटलं असेल तर तेही लिहा, मी ते लेखात घालीन.