माघातला येडेपणा

माघात आठवडी बाजाराला एक थैली घेऊन जावं, तर येताना तीन होतात. वांगे ढिगानं, टमाटे ‘घ्या ना जी भाऊ, पुरा ढीग न्या’ या भावात, आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, तर वरून फुकट. अशा दिवशी दोडक्याचं बियाणं मागणारा माणूस मला स्वतःलाही येडाच वाटतो. पण वैशाखात हाच सांबार काड्या मोजून मिळतो, म्हणून उन्हाळ्याची परसबाग लावायचा येडेपणा आताच उरकावा लागतो.

पाकिटावरचा दोडका हातभर असतो. तिकडे पाहू नये. मागच्या बारीक अक्षरातली चाचणीची तारीख आणि उगवणशक्ती वाचावी. (चष्मा घरी राहिलेला असतोच.) दहा ग्रॅम भेंडीत दीडशेच्या आसपास दाणे निघतात, कारल्याचे जेमतेम पन्नास. काटा मारला म्हणून भांडू नये. कारल्याचं बी जाडच असतं.

कागदावर आपली परसबाग अर्ध्या एकराची होते. खरी जागा न्हाणीपासून गोठ्यापर्यंत, बारा बाय आठ फूट. त्यात कोहळं लावलं तर बाकीच्यांनी राहावं कुठं? त्याला उकिरड्यावर धाडावं, तिथं तो वेल खुशीत असतो.

दोडक्या-कारल्याला फूटभर खोल खड्डा घ्यावा आणि निम्मी माती, निम्मं शेणखत भरावं. नुसती काळी माती उन्हात भेगाळते नि मुळं तोडते. खत मुठीत भुरभुरलं पाहिजे. ताजं शेण टाकलं की हुमणीच्या अळ्या आणि उधई (वाळवी) पंगतीला बसतात. थंड मातीत बी उगवायच्या आधी कुजतं, म्हणून ते रात्रभर भिजवून, ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवायचं. मोड दिसला की खड्ड्यात चार बिया, बोटाच्या पेराएवढ्या खोल. पुढं दोन रोपं ठेवून दोन उपटायची. हे उपटणं घरात कोणालाच जमत नाही. मग चारही जगतात, चारही लुकडे.

मांडवाला तुराट्या फुकट मिळतात, तुरी नुकत्याच निघालेल्या असतात. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, मात्र आणू नये. तिच्या उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी अळी झोपलेली असते, आणि भेंडी पडली कपाशीच्याच भावकीतली. मांडवाखालच्या सावलीत सांबार पेरावा. उघड्यावर तो उन्हानं लवकर फुलावर येतो. धने हलकेच रगडून दोन फाका करायच्या. वरवंटा जरा जास्त फिरला की मसाला होतो.

वेलाला आधी नुसती नर फुलंच येतात. ‘वांझ आहे’ म्हणून उपटू नये. मादी फुलामागं बोटभर दोडका दिसतो. दोडक्याची फुलं सांजेला उमलतात. तेव्हा नर फूल तोडून मादी फुलाला हलकेच टेकवायचं. नेमकं तेव्हाच कुंपणापलीकडून ‘काय करून राह्यले जी काकाजी?’ असा आवाज येतो.

‘लग्न लावून राह्यलो,’ म्हणावं.