आधी खरवस, मग वासरू

वासरू कसं वाढवावं यावर सल्ले देणारे पुष्कळ आहेत. ते पंधरवड्यात खड्ड्यात कसं घालावं, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. परवा आमची गाय व्याली तेव्हा गावातल्या जाणकारांनी मला ही विद्या फुकट दिली, ती तुमच्यापर्यंत पोचवतो.

सुरुवात वारेपासून, म्हणजे वासरामागून गाईच्या पोटातून पडणाऱ्या आवरणापासून. वार पडल्याशिवाय सडाला हात लावायचा नाही आणि वासराला तोंड लावू द्यायचं नाही. आठ-दहा तास लागले तर लागू देत. वासरू लुचलं की गाईची गर्भपिशवी आवळते आणि वार उलट लवकर पडते, असं डॉक्टर म्हणतात. त्यांना काय कळतंय? त्यांच्या दारात कधी म्हैस होती का?

नाळेला आयोडीन लावू नका. खाली शेण आहेच की.

आता मुख्य काम, चीक वाटणे. चीक म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दूध, ज्याचा खरवस होतो. गाय व्याल्याची बातमी भावकीत कशी पोचते देव जाणे. आमचं वासरू अजून ओलं होतं, पाय फाकवून उभं राहायला बघत होतं, कास सापडेना म्हणून आईच्या गुडघ्यालाच लुचत होतं. आणि दारात स्टीलचा डबा! "पहिल्या धारेचाच द्या हं, दुसऱ्या दिवसाचा घट्ट होत नाही." वर पुण्याहून फोन, "दादा, आमच्या मुलांनी खरा खरवस कधी खाल्लाच नाही हो." मुलांनी! अहो, मग खाली थरथरत उभं आहे ते कुणाचं मूल? आणि घट्ट का होतो, ठाऊक आहे? त्यात प्रथिनं ठासून भरलेली असतात आणि त्यातलाच मोठा वाटा रोगाशी लढणाऱ्या प्रतिपिंडांचा असतो. गाईच्या पोटात असताना वासराला ती वारेतून मिळत नाहीत. जे मिळायचं ते चिकातूनच, आणि आतडी ती जेमतेम 24 तास आत घेतात. त्यातलेही पहिले काही तासच खरे. 35 किलोच्या संकरित वासराला पहिल्या दिवसात साडेतीन लिटर चीक लागतो, निम्मा पहिल्या 2 तासांतच. तो तुमच्या वेलदोडा-जायफळाच्या वड्यांत गेला. मग आठवड्यानं वासराला हगवण लागली की तुम्हीच म्हणणार, "नजर लागली." नजर नाही लागली, डबा लागला!

पुढचं सोपं आहे. सगळं दूध डेअरीला घाला आणि वासरू रिकाम्या सडाशी सोडा. पाणी दाखवू नका, लहान आहे ते. पंधरा दिवसांतच उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, पुढ्यात टाका. चाऱ्याचं पोट अजून तयार झालेलं नसतं आणि ते काफ स्टार्टरच्या, म्हणजे लहान वासरांच्या खुराकाच्या, दाण्यानं तयार होतं, पण स्टार्टरला पैसे पडतात ना! जंतानं पोट नगाऱ्यासारखं सुटलं की म्हणा, "चांगलं अंग धरलंय."

गोऱ्हा झाला तर काय करायचं? जाऊ दे, तुम्हाला सगळं माहीत आहे.

बास झालं. गाईला चीक वासराच्या गरजेपेक्षा जास्त येतो, पहिले चार-पाच दिवस डेअरी तो घेतही नाही, कबूल. पण आधी वासरू पोटभर पिऊ द्या. थोडा बाटलीत भरून फ्रीजरला ठेवू द्या, पुढं एखाद्या गाईला पान्हा आला नाही तर उपयोगी पडतो. मग उरलेला न्या, कोण नाही म्हणतंय? वार पडो न पडो, तासाभरात वासरू कासेला लावा, ओढत नसेल तर बाटलीनं पाजा. कालवड तीन वर्षांची झाली तरी माजावर येत नाही म्हणून पारावर रडता आणि कर्ज काढून बाजारातली गाय आणता. घरचीला जन्माच्या दिवसापासून उपाशी कुणी ठेवलं? डबा घेऊन आलेल्यांपैकी एकानंही वासरू प्यालं का, हे विचारलं नाही. पुढच्या वेताला याल तेव्हा आधी दावणीशी बसून वासराला बाटली पाजा, नाहीतर आल्या वाटेनं रिकाम्या डब्यानं परत जा.