मावशींची सही

पुण्यात ओंकारेश्वरजवळच्या विठ्ठल रामजी शिंदे पुलावर आले की माझी गाडी अजूनही आपोआप हळू होते. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी फिरायला निघालेल्या, अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) डॉ. नरेंद्र दाभोलकरांना इथंच गोळ्या घातल्या. धमक्या येत होत्या, तरी त्यांनी पोलीस संरक्षण घेतलं नव्हतं. आपली लढाई संविधानाच्या चौकटीतली आहे, मग आपल्याच माणसांपासून संरक्षण कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या दिवशी मी पार खचले. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी या माणसानं अठरा वर्षं सरकारचे उंबरठे झिजवले. आणि ते गेल्यावर चार दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कायदाही झाला! याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. १० मे २०२४ ला दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. कटामागचा मेंदू कोण, हे अजूनही समोर आलेलं नाही.

तरीही माझा लोकशाहीवर विश्वास आहे, तो एका सहीमुळे.

आमच्या गावातल्या एका मावशींना भावकीनं 'करणी करते' म्हणून भर चौकात मारलं. पोलीस ठाण्यात गेलो तर अंमलदार म्हणाले, "घरातली भानगड आहे, मिटवून टाका." सोबत अंनिसचे एक कार्यकर्ते होते. त्यांनी आवाज चढवला नाही. पिशवीतून कायद्याची पुस्तिका काढली आणि अनुसूचीचं पान टेबलावर उघडून ठेवलं. एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याला छळणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. अंमलदारांनी ते दोनदा वाचलं, मग साहेबांना दाखवून आले. फिर्याद लिहून होईपर्यंत अंधार पडला. मावशींनी एकेक अक्षर जोडत सही केली, आणि आडनावावरची रेघ पुन्हा एकदा गिरवली.

बंदूकवाल्यांना नेमकं हेच नको होतं. एक गरीब बाई, एक छापील पान, आणि त्या पानापुढे नमतं घ्यावं लागलेलं ठाणं.

गेल्या २० ऑगस्टला मावशी पहाटेच्या एसटीनं पुण्याला आल्या. पुलावर कार्यकर्ते गाणी म्हणत होते. मावशी कठड्याला धरून बराच वेळ गप्प उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "बाई, मला आधी ठाऊक असतं तर ते असताना भेटायला आले असते गं."