याला स्कोप आहे का, मॅडम?

माझ्या खोलीच्या दारावर ‘उच्च शिक्षण व करिअर मार्गदर्शन’ अशी पाटी आहे. पूर्वी या खोलीत खेळाचं सामान ठेवत. त्यामुळे ऐन गंभीर चर्चेत कपाटामागून अजूनही एखादा चेंडू घरंगळत येतो, आणि तेवढ्यापुरता समोरच्या मुलाचा चेहरा खुलतो. शाळा संपल्यावर पुढे काय करायचं, हे ठरवायला सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मदत करणं हे माझं काम. ठरवणं माझं काम नाही, हे मी प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगते. सगळे मान डोलावतात आणि विचारतात, “बरं, मग तुम्ही काय ठरवलंत?”

खोलीत टेबलापलीकडे तीन खुर्च्या. दोन्ही बाजूंना आईवडील, मध्ये मूल. मी मुलाला विचारते, “तुला काय आवडतं रे?” उत्तर वडिलांकडून येतं, “आम्हाला कॉम्प्युटर आवडतो.” मग आई म्हणतात, “आमचं गणित चांगलंय हो, पण आम्ही जरा आळस करतो.” गणित चांगलं असलेला तो आळशी इसम मध्ये बसून बुटाची लेस सोडत आणि बांधत असतो. अशा वेळी मी एक फॉर्म बाहेर काढते. दोन पानी आहे, बारीक अक्षरात; त्यात आजोबांच्या शिक्षणाचासुद्धा रकाना आहे. तो फॉर्म जगात कुठेही लागत नाही. पण तो बाहेरच्या बाकावर बसून भरायचा असतो, आणि भरायला चांगली वीस मिनिटं लागतात.

दार लागलं की मूल इकडेतिकडे बघतं, आवाज खाली आणतं आणि म्हणतं, “मॅडम, मला खरं म्हणजे माहीतच नाही.” चोरीचा माल काढून द्यावा अशा सुरात. आता सोळाव्या वर्षी हे माहीत नसणं मला तरी अगदी चांगल्या तब्येतीचं लक्षण वाटतं. उलट ज्यांना सगळं पक्कं माहीत असतं, त्यांचीच मला धास्ती. “हृदयशल्यचिकित्सक व्हायचंय,” असं ठामपणे सांगणाऱ्या मुलीला मी विचारलं, रक्त बघवतं का? तिने क्षणभर विचार केला. “ते बघावं लागतं का?”

मुलांना दोष देण्यातही अर्थ नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या वर्गीकरणात व्यवसायांचे ४३६ गट आहेत. मुलांच्या कानावर पडलेले बोटांवर मोजावेत इतकेच. २०१८च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, तिसाव्या वर्षी काय काम करत असाल? ४१ देशांतल्या मुलांची उत्तरं तपासली, तर ४७ टक्के मुलगे आणि ५३ टक्के मुली जेमतेम दहा लोकप्रिय नोकऱ्यांत मावल्या. मी उरलेल्या गटांतलं एखादं नाव घेतलं, म्हणजे नकाशे बनवणं, चष्म्यांची भिंगं घडवणं, भूकंपमापन, की बाहेरून आत आलेले वडील पहिलाच प्रश्न टाकतात, “याला स्कोप आहे का?” या प्रश्नाला माझ्याकडे आजतागायत उत्तर नाही. ज्या धंद्यांना मी नोकरीला लागले तेव्हा तुफान स्कोप होता, त्यांतले काही आता यंत्रं करतात. आणि ज्यांची तेव्हा नावंही नव्हती, त्यांची माणसं आज मिळत नाहीत. हे प्रामाणिकपणे सांगितलं की वडील म्हणतात, “म्हणजे आहे की नाही?”

मग चाचणी. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ साली माणसांच्या आवडींचे सहा प्रकार मांडले. हाताने काम करणारे, शोधक, कलावंत, माणसांत रमणारे, धडाडीचे आणि आखीव-रेखीव कामाचे. चाचणी दिली की त्यांतल्या वरच्या तीन प्रकारांचा तीन अक्षरी कोड निघतो. कल्पना चांगली आहे, बोलायला सुरुवात करून देते. “बिघडलेलं यंत्र उघडून बघायला आवडतं का?” या प्रश्नावर एका मुलाने मला खुणेने बोलावलं. “मॅडम, उघडायला आवडतं. परत लावायला नाही. कुठे टिक करू?” अशा माणसासाठी रकाना नाही, आणि अशी माणसं जगात पैशाला पासरी आहेत. निकालाच्या दिवशी पालक तो कागद पत्रिकेसारखा उलगडतात आणि विचारतात, “यातला सगळ्यात चांगला कोड कोणता? वर्गात पहिला येतो त्याचा काय आलाय?”

याच कारणासाठी मी मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांचा किस्सा सांगत असते. त्यांनी १९४८ साली आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून वर्णन दिलं. किती अचूक आहे, पाचपैकी गुण द्या म्हणाले. सरासरी निघाली ४.२६. वर्णन सगळ्यांना एकच होतं, आणि त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली. किस्सा संपला की पालक हसतात, मान हलवतात आणि पुन्हा कोडकडे बोट दाखवतात. “पण आमच्याचं मात्र तंतोतंत जुळतंय हो.”

खरा हंगाम अर्जांचा. सोबत जोडायच्या निबंधाची सुरुवात ठरलेली: ‘लहानपणापासूनच मला अमुकची आवड होती.’ आता काही जण तो यंत्राकडून लिहून आणतात, तेव्हा आवड तीच राहते, फक्त ती ‘अविस्मरणीय प्रवास’ होते. एका मुलीने लिहिलं होतं, ‘लहानपणापासूनच मला पुरवठा साखळी व्यवस्थापनाची आवड होती.’ मी विचारलं, “म्हणजे नेमकी कधीपासून?” ती खरं बोलणारी निघाली. “मंगळवारपासून.” पण मग बोलता बोलता कळलं की शाळेच्या नाटकात कपड्यांच्या पेट्या हिच्याकडे होत्या. हिने प्रत्येक पेटीवर प्रवेशाचा आकडा टाकला, शेवटच्या प्रवेशाची पेटी सगळ्यात खाली रचली, आणि ज्या पात्राला दोनदा कपडे बदलायचे होते त्याचं सामान वेगळ्या पिशवीत घालून विंगेतल्या खिळ्याला टांगलं. “अगं, हे लिही!” मी जवळजवळ ओरडलेच. ती माझ्याकडे दयेने बघत म्हणाली, “हे? यात काय एवढं?” ते लिहून घ्यायला मला तीन खर्डे लागले. तिसऱ्यातही पहिलं वाक्य ‘लहानपणापासूनच’ होतं.

अर्जाची मुदत रात्री ११:५९ला संपते, आणि माझा फोन ११:४० नंतर सुरू होतो. फोटो सांगितलेल्या केबीत बसत नाही. पासवर्ड वडिलांच्या जुन्या नंबरवर येतोय. गुणपत्रिका स्कॅन केलीय, पण आडवी, आणि कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा आलाय, चालेल का? मुदत कुठल्या देशाच्या घड्याळाने, हा प्रश्न एकदा ११:५८ला आला. घड्याळ पश्चिमेकडचं निघालं, म्हणून वाचलो. पूर्वेकडचं असतं तर अर्ज जेवणाच्या आधीच बाद झाला होता.

माझ्या पेशाचे मूळपुरुष फ्रँक पार्सन्स. त्यांनी १९०८ साली बॉस्टनमध्ये व्यवसाय मार्गदर्शनाची कचेरी काढली. विचारपूर्वक व्यवसाय निवडा, असं जगाला शिकवणाऱ्या या गृहस्थांनी स्वतः इंजिनिअरिंग केलं, पोलाद कारखान्यात मजुरी केली, शाळेत शिकवलं, वकिली केली, प्राध्यापकी केली आणि मधल्या काळात महापौरपदाची निवडणूकही लढवली. आज ते माझ्यासमोर बसले असते, तर त्यांच्या आई म्हणाल्या असत्या, “याचं कशातच लक्ष लागत नाही.”

परवा अशाच एका जोडप्याला मी जॉन क्रुम्बोल्ट्झ यांची गोष्ट सांगत होते. हे करिअर मार्गदर्शनातलं मोठं नाव. कॉलेजात मुख्य विषय निवडायची मुदत संपत आली तरी त्यांचं काही ठरलेलं नव्हतं. विचारायला जवळचे कोण, तर टेनिसचे प्रशिक्षक. ते प्रशिक्षक मानसशास्त्र शिकवत असत, म्हणाले, मानसशास्त्र घे. यांनी घेतलं, आणि पुढे त्यातच नाव काढलं. अनिश्चितता हा आजार नाही, तिला मोकळं मन म्हणा, असं ते सांगत. मी हे सगळं मोठ्या रंगात येऊन सांगितलं. मधल्या खुर्चीतला मुलगा पहिल्यांदाच ताठ बसला. वडील गंभीर झाले होते. आईंनी पिशवीतून वही काढली, पहिल्या ओळीवर ‘टेनिस’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या, आणि विचारलं, “सकाळची बॅच असते का हो?”